मृग दाखविण्याबाबत

सर्व संबंधितांस, विशेषतः वाळवे तालुक्यातील समस्त प्राथमिक शिक्षकांस, अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, मृग नक्षत्र बेपत्ता आहे. खूण: चार कोपऱ्यांना चार तारे, हे पाय, पोटात ओळीने तीन तारे, हा बाण. स्वभावाने गरीब. कोणास आढळल्यास नजीकच्या शाळेत आणून पोचते करावे. पोचते करणाऱ्याचे उपकार एक टेंपररी मास्तर जन्मभर विसरणार नाही.

हा जाहीरनामा मी काढला नाही, पण काढायचाच काय तो बाकी राहिला होता. माझ्या टेबलावर दिपोटीसाहेबांचं सर्क्युलर पडलं होतं. दिपोटी म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी. त्यांचं खरं पद लांबलचक इंग्रजी होतं, पण खेड्यात ते कोणाच्या तोंडात मावत नसे. सर्क्युलरवर लिहिलं होतं, ‘विषय: मृग दाखविण्याबाबत. मृग नक्षत्र लागताच त्याच आठवड्यात तिसरी-चौथीच्या मुलांना सदर नक्षत्र प्रत्यक्ष आकाशात दाखवावे व दाखविल्याचा रिपोर्ट करावा.’ आणि खाली, खास माझ्यासाठी, साहेबांच्या हातची एक ओळ: ‘आपल्या शाळेत मी जातीने येऊन पाहीन.’

मृग लागला होता. पंचांगात लागला होता, गावात लागला होता, प्रत्येकाच्या बोलण्यात लागला होता. फक्त आभाळात नव्हता. रोज दिवेलागणीला मी शाळेच्या पटांगणात उभा राहून मान मोडेपर्यंत वर पाहत होतो. आभाळ स्वच्छ होतं, तारे रग्गड होते, पण हरणाचा पत्ता नव्हता.

आता साहेब माझ्याच शाळेत जातीनं का येणार होते, ते सांगतो. मी टेंपररी होतो. सांगलीचा मुलगा, सांगली तेव्हा संस्थान, आणि ही नोकरी खालसा मुलखातली, म्हणजे सरकारी जिल्ह्यातली. आष्टा आणि आसपासची गावं त्या वेळी सातारा जिल्ह्यातच होती. आष्ट्याजवळच्या एका गावात चौथीपर्यंतच्या शाळेचा मी एकटा मास्तर. साहेबांनी तपासणी करून ‘कायम करावे’ असा शेरा दिला तर मी मास्तर राहणार. नाही दिला, तर सांगलीला मामांची हळदीची अडत माझी वाट पाहत होती. मामांनी गादीसुद्धा शिवून ठेवली होती. मला पाहिलं की ते म्हणायचे, “ये बाबा, कवाही ये. पोरांच्या नाकापेक्षा हळकुंडं बरी. हळकुंड वाहत नाही.” अडतीवर काम करणाऱ्या माणसाचे हात, कान, धोतर, सगळं पिवळं होतं. लग्नाआधीच एवढी हळद लावून घ्यायची माझी तयारी नव्हती. शिवाय मला शिकवायला मनापासून आवडायचं. फळ्यासमोर उभं राहिलं की मला नाटकात उभं राहिल्यासारखं वाटे, आणि इथं तर प्रेक्षक उठून जाऊ शकत नव्हते.

तर मृग सापडणं जरूर होतं.

माझं खगोलाचं ज्ञान किती? परीक्षेपुरतं. नक्षत्रं सत्तावीस, ती मला अश्विनी, भरणी, कृत्तिका अशी घडाघडा पाठ होती. उलटी म्हणून दाखवायचो. वर बघून त्यातलं एक दाखवा, असं मला कधी कोणी म्हटलं नव्हतं. आमच्या वेळी खगोल हा विषय छपराखाली बसून शिकवत.

पहिला उपाय म्हणून मी मुलांवर भिस्त टाकली. खेड्यातली मुलं अंगणात झोपतात, मोठ्या माणसांबरोबर आभाळ बघतात. एका दिवशी शाळा सुटताना वर्गाला सांगितलं, “उद्या प्रत्येकानं मृग शोधून यायचं. घरात विचारा. जो मृग शोधून येईल त्याला शाबासकी.”

वर्गात एकदम आनंदीआनंद झाला. मला वाटलं, काय ही ज्ञानाची ओढ!

दुसऱ्या दिवशी मी टेबलाशी बसलो आणि म्हणालो, “हं, मृग कोणाकोणाला सापडला?”

सगळे हात वर झाले. आणि प्रत्येक हातात काडेपेटी होती.

“मास्तर, माजा लय मोटा हाय!”

“मास्तर, माज्यात तीन हायेत!”

“मास्तर, ह्येनं माजा चोरलाय!”

नुकतीच वळवाची सर येऊन गेली होती, आणि त्यानंतर मातीतून जे मखमली, लालभडक किडे बाहेर पडतात, त्यांना आमच्याकडे मिरगाचा किडा म्हणतात. पोरं लाडानं नुसतंच ‘मिरग’ म्हणतात. माझ्या टेबलावर तिसरी-चौथीनं भक्तिभावानं आपापला मिरग ओतला. ते हजेरीवर चढले, दौतीत उतरले, एक माझ्या टोपीत शिरला. शेवंता नावाची चौथीतली एक मुलगी होती. आवाज असा, की शाळेत धडा वाचला तर नदीवर धुणं धुणाऱ्या बायका पुढच्या ओळी म्हणायच्या. ती म्हणाली, “मास्तर, शाबासकी कवा देनार?”

काय करतो? दिली. मागितलं ते त्यांनी आणलं होतं.

दुसरा उपाय म्हणजे गावचे पाटील. पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले, मिशीला पीळ, आवाजात हुकूम. शाळेवर त्यांचा जीव होता. संध्याकाळी मी त्यांच्या कट्ट्यावर गेलो आणि विचारलं, “पाटील, मृग कुठं दिसतो?”

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “मास्तर, मिरग दिसत नसतोय. मिरग पडत असतोय.”

“तो पाऊस झाला. मी नक्षत्राबद्दल विचारतोय.”

“मी बी नक्षत्राचंच सांगतोय की. रोहिनी पडत्या, मिरग पडतोय, आडदरा पडत्यात. पडलं तर नक्षत्र, न्हाईतर कोरडं. औंदा मिरगाचं वाहन काय हाय, बघितलं का पंचांगात? बेडूक असलं तर पानी हाय, गाडव असलं तर बसा बोंबलत.”

“पण पाटील, तो आभाळात असतो ना?”

“आभाळातनंच पडतोय! जमिनीतनं पडतोय व्हय?” पाटलांनी आत हाक दिली, “आगं, मास्तरांना च्या टाक. आन् मास्तर, उंद्या रातच्याला जेवायला या. मिरगाचं कोंबडं कापायचंय.”

थोडक्यात, गावात मृगाचा पाऊस होता, मृगाचा किडा होता, मृगाचं कोंबडं होतं. मृगाचे तारे तेवढे कोणाला माहीत नव्हते, आणि त्यांच्यावाचून कोणाचं अडलंही नव्हतं. माझं एकट्याचं अडलं होतं.

तिसरा उपाय केरबा मास्तर. शेजारच्या गावची शाळा त्यांची. नोकरीत मुरलेले, पेन्शनीला टेकलेले, चार दिपोटी पचवलेले. आष्ट्याच्या बाजारात ते मला मिरच्या निवडताना भेटले. मी माझं दुःख सांगितलं. ते हसून म्हणाले, “अरे गड्या, दाखवला म्हणून लिहून मोकळा हो. मी परवाच रिपोर्ट धाडला. ‘मृग स्पष्ट दाखविला. मुले आनंदित झाली.’”

“तुम्हाला दिसला?”

“म्हणजे काय! चल आज माझ्याबरोबर, तुलाही दाखवतो.”

मी अक्षरशः त्यांच्या पाया पडलो. त्यांच्या गावी गेलो. अंधार पडला तसं केरबा मास्तरांनी मला शाळेमागं नेलं आणि आग्नेयेकडे बोट केलं. खरोखरच एक सुंदर आकृती वर येत होती. पुढं तीन तारे, मधे एक लालसर ठळक तारा, मागं लांब वळलेली रांग.

“ती बघ शिंगं,” केरबा मास्तर म्हणाले. “तो लाल, ते काळीज. आणि मागं शेपटी.”

“हरणाची शेपटी एवढी लांब असते?”

“लांबच्या हरणाची असते.”

“आणि टोकाला अशी वर वळलेली? मास्तर, ही नांगी आहे. हा विंचू आहे!”

केरबा मास्तर जराही विचलित झाले नाहीत. “लेका, पोरांना काय हरणाची शिकार करायची आहे? दिपोटी दिवसा येतो, तारे रात्री येतात. त्या दोघांची भेट होत नसते. नोकरी अशीच पार पडते.”

माझ्या बाबतीत ते तत्त्वज्ञान चालणार नव्हतं. साहेबांनी ‘जातीने’ असं लिहिलं होतं, आणि निरोप आला होता की ते मुक्काम करून संध्याकाळी मुलांबरोबर आकाश पाहणार. म्हणजे या वेळी दोघांची भेट नक्की होती.

आता पेच सुटला कसा, ते ऐका. ते श्रेय माझ्या बुद्धीला द्यायला मला फार आवडलं असतं.

आमच्या शाळेचं दार पूर्वेला. उन्हाळ्यात शाळा सकाळची. एका सकाळी मी हजेरी घेत होतो. सूर्य नुकता वर आलेला, दारातून सरळ माझ्या डोळ्यांत. इतक्यात दारात एक काळी आकृती येऊन उभी राहिली. मला तोंड दिसेना. मोठा कोणी पोरगा असेल, असं समजून मी ओरडलो, “ही वेळ झाली यायची? धर कान! काढ उठाबशा!”

मुलांनी पाट्यांत तोंडं घातली. आकृती क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिच्यातून घोगरा आवाज आला, “मास्तर, गुडगं धरल्यात. दोन-चार काडल्या तर चालत्याल का?”

पाटील होते. साहेबांच्या जेवणाचं विचारायला आले होते.

मी खुर्चीवरून उडालो. “पाटील! माफ करा! ऊन डोळ्यांवर होतं, तुम्ही दिसलाच नाहीत! सूर्य पाठीमागं असला की—”

आणि मी तिथंच थांबलो. तोंड उघडं, हात वर. नाटकात नट वाक्य विसरल्यावर उभा राहतो तसा. सूर्य पाठीमागं असला की एवढा सहा फुटी पाटील दिसत नाही. मग सूर्याच्या पाठीमागं हरीण असलं, तर ते कसं दिसेल?

पाटील जरा घाबरूनच म्हणाले, “मास्तर, काडतो काडतो उठाबशा. असं बगू नका.”

आता मी जे सांगतो ते लहान मुलांना आकाश शिकवणाऱ्या प्रत्येक मास्तरानं ऐकावं, कारण पुस्तकात ते एका ओळीत उरकलेलं असतं आणि ती ओळ आपण पाठ करून पुढं जातो.

‘मृग लागला’ म्हणजे काय? मी आयुष्यभर हे दोन शब्द बोलत आलो होतो, पण कोणाला लागला, असं स्वतःला विचारलं नव्हतं. आपण मोटारीनं इस्लामपूरहून कराडला निघालो की म्हणतो, आधी पेठ लागतं, मग कासेगाव लागतं, मग कराड लागतं. गावं जागची हलत नाहीत. आपली मोटार तिथं पोचते, एवढंच. तसा मृग लागतो तो सूर्याला. वर्षभरात सूर्य या सत्तावीस नक्षत्रांतून एक फेरी मारताना दिसतो, आणि जूनमध्ये तो मृगाच्या मुक्कामी पोचतो. म्हणजे त्या दिवसांत मृग आभाळात असतो, पण दिवसा असतो, सूर्याच्या उजेडात बुडालेला. सूर्याबरोबर उगवतो, सूर्याबरोबर मावळतो. संध्याकाळी त्याला शोधणं म्हणजे निघून गेलेल्या मोटारीत जागा शोधण्यासारखं.

शेतकऱ्याचं नक्षत्र हे असं सूर्याचं नक्षत्र असतं. महिन्यांची नावं मात्र चंद्रावरून पडली आहेत. पुनवेचा चंद्र ज्या नक्षत्राजवळ दिसतो, त्याचं नाव महिन्याला. पुनवेचा चंद्र रात्रभर आभाळात असतो, म्हणून ते नक्षत्रही रात्रभर असतं. मृगशीर्षावरून मार्गशीर्ष. म्हणजे मृग पाहायचा असेल तर मार्गशीर्षात पाहावा. अंथरुणावर पडल्या पडल्या दिसेल. आणि जूनमध्ये महिना कोणता? ज्येष्ठ. ज्येष्ठा नक्षत्र कुठं आहे? विंचवाच्या काळजाशी, तो लाल तारा. म्हणजे केरबा मास्तरांनी मुलांना जे दाखवलं होतं, ते मृगाच्या थेट समोरचं, आभाळाच्या दुसऱ्या टोकाचं जनावर होतं! इतकं बरोबर चुकणं सोपं नाही.

मला एवढा आनंद झाला, की मी वर्गाला सुट्टी दिली. मग लक्षात आलं, आनंद करण्यासारखं यात काहीच नाही. साहेबांचं सर्क्युलर अशक्य होतं. तालुक्यातल्या सगळ्या शाळांनी ते अमलात आणल्याचं कळवलं होतं. आणि ते अशक्य आहे, हे साहेबांना तोंडावर सांगायचं कोणी? ज्याला साहेबांकडून ‘कायम’ हा शब्द हवा होता त्यानं. सांगितलं तर नोकरी जाणार. न सांगावं तर संध्याकाळी साहेब स्वतः वर बघणार, आणि मग मला विंचवाला हरीण म्हणावं लागणार.

हळदीचा वास मला तिथपर्यंत येऊ लागला.

साहेब आले ते सकाळी. दुसऱ्या लढाईचे दिवस, पेट्रोल नाही; सर्व्हिसच्या, म्हणजे उतारूंच्या, मोटारी कोळशावर चालायच्या. मागं भट्टी, तिच्यात कोळसा. आत बसलेला गोरा माणूस उतरताना सावळा होऊन उतरे. आष्ट्याहून पुढं साहेब बैलगाडीनं आले. अंगात कोट, डोक्यावर केशरी फेटा, गोल लालबुंद चेहरा, आणि डाव्या गालावर कोळशाचा भलामोठा फराटा. सांगण्याची कोणाचीच छाती झाली नाही.

साहेब वाईट नव्हते. विद्वान होते, मुलांची त्यांना आवड होती. फक्त आपण लिहिलेलं चुकेल, असं त्यांच्या स्वप्नातही येत नसे. गणित झालं, वाचन झालं. शेवंतानं धडा वाचला तेव्हा साहेबांनी खुर्ची मागं सरकवली. मग त्यांनी रुमालानं घाम पुसला, फराटा आणखी पसरवला आणि म्हणाले, “आता आपला मुख्य विषय. मृग दाखवलात का?”

पाटील शाळेच्या कट्ट्यावर बसले होते. केरबा मास्तरही आले होते. शेजारच्या शाळेची तपासणी बघायला म्हणून, खरं तर माझं काय होतं ते बघायला. त्यांनी मला डोळ्यांनी खूण केली, हो म्हण.

मी म्हणालो, “साहेब, दाखवतो. आत्ताच दाखवतो.”

“आत्ता? दिवसा?”

“हो साहेब. आपली थोडी मदत लागेल.”

वरिष्ठांची चूक वरिष्ठांना सांगू नये, असं जुने लोक म्हणतात. ते खरं आहे. त्यांना त्या चुकीच्या मधोमध नेऊन उभं करावं.

मी आधी दोन दिवस मुलांची तालीम घेतली होती. पटांगणात चुन्यानं मोठं रिंगण आखलं होतं. एकेक मूल पाटी घेऊन रिंगणावर उभं राहिलं. पाटीवर खडूनं नाव, अश्विनीपासून रेवतीपर्यंत. रिंगणाच्या मध्यभागी मी एक पाट ठेवला.

“साहेब, हे आकाश. इथं सूर्य हवा. मुलांमध्ये तेवढ्या तेजाचं कोणी नाही. आपण उभे राहिलात तर…”

साहेबांनी एकदा माझ्याकडे, एकदा पाटाकडे पाहिलं. मग फेटा सारखा केला आणि पाटावर चढून उभे राहिले. खरं सांगतो, शोभले. केशरी फेटा उन्हात चमकत होता.

“आणि ही पृथ्वी,” मी म्हणालो. शेवंता पुढं आली आणि सूर्यापासून थोड्या अंतरावर उभी राहिली. तिच्या आणि मृगाच्या पाटीच्या बरोबर मधे साहेब येतील, अशी.

“पृथ्वी, सूर्याकडं तोंड कर. आता तुझ्याकडं काय आहे?”

“दिवस!”

“सूर्य कसा दिसतो?”

शेवंतानं निरखून पाहिलं. “लाल हाय, गोल हाय. आन् एका बाजूला काळा डाग हाय.”

पाटलांना ठसका लागला. साहेबांचा हात गालाकडे गेला. मी घाईघाईनं म्हणालो, “असतात! सूर्यावर डाग असतात! ज्यानं नीट निरीक्षण केलं त्यालाच दिसतात. शाबास!”

साहेबांनी बोटांकडे पाहिलं, काळं पाहिलं आणि गंभीरपणे गाल पुसला. पण मिशी हलली. तेव्हा मला प्रथमच थोडी आशा वाटली.

“आता सांग, मृग दिसतो का?”

शेवंतानं डावीकडून मान काढली, उजवीकडून काढली. “न्हाई दिसत.”

“का?”

“सायब मधी येत्यात.”

साहेब भला माणूस. त्यांनी चटकन एका बाजूला अंग झुकवलं. “आता बघ बाळ, आता दिसतो का?”

“साहेब,” मी हात जोडले, “सूर्याला वाकता येत नाही.”

साहेब सरळ झाले.

“पृथ्वी, आता रात्र कर.” शेवंतानं गिरकी घेऊन साहेबांकडे पाठ केली. “रात्री काय दिसतं? वाच समोरच्या पाट्या.”

“अनुराधा! जेष्ठा! मूळ!” नदीपर्यंत ऐकू गेलं.

“आणि मृग?”

“त्यो मागं ऱ्हायला. सायबांच्या पल्याड.”

साहेबांच्या चेहऱ्यावर विचार चढताना दिसत होता, रहाटाला पाणी चढतं तसा, हळूहळू, कुरकुरत. ते पाटावर उभ्या उभ्या मागं वळले, मृगाची पाटी पाहिली. पुढं वळले, शेवंताची पाठ पाहिली. पुन्हा मागं वळले.

“म्हणजे,” ते सावकाश म्हणाले, “मृग लागलेला असताना रात्री मृग…”

“दिसत नाही, साहेब.”

“म्हणजे माझं सर्क्युलर चुकीचं आहे?”

हाच तो क्षण. एका बाजूला मामांची नवी गादी, दुसऱ्या बाजूला चुन्याचं रिंगण. मी म्हणालो, “नाही साहेब. सर्क्युलर अगदी बरोबर आहे. फक्त सहा महिने लवकर निघालंय.”

आणि शेवंताला सूर्याभोवती अर्धी फेरी मारायला लावली. मार्गशीर्षाच्या जागी आणून उभी केली, सूर्याकडे पाठ करायला लावली. तिनं मृगाची पाटी नाकासमोर पाहिली आणि अशी किंकाळी फोडली, की पाटी धरणाऱ्या पोरानं पाटी टाकली. “दिसला!”

साहेबांनी पाटावरूनच मान डोलावली. मग त्यांनी एकदम विचारलं, “पण मग तालुक्यातल्या सगळ्या शाळांनी मृग दाखवल्याचे रिपोर्ट पाठवलेत, त्यांचं काय? केरबा मास्तर, तुमच्या शाळेत तर ‘स्पष्ट’ दिसला!”

केरबा मास्तर उभे राहिले. चार दिपोटी पचवलेला माणूस. “साहेब,” ते नम्रपणे म्हणाले, “हुकूम आपला होता. आम्हाला न दिसून कसं चालेल?”

साहेब हसायला लागले. पोट धरून, पाटावर डुलत. सूर्य हसताना मी आयुष्यात एकदाच पाहिला.

निकाल सांगून टाकतो. साहेबांनी त्याच दिवशी शेरेबुकात लिहिलं, ‘खगोल विषय कृतीने शिकवला. शिक्षकास कायम करण्यास हरकत नाही.’ संध्याकाळी मुलांबरोबर त्यांनी विंचू पाहिला, ज्येष्ठेचा लाल तारा ओळखला आणि पाटलांच्या वाड्यावर मिरगाचं आणखी एक कोंबडं जेवले. सर्क्युलर मागं घेतलं गेलं नाही, कारण सर्क्युलर मागं घेत नसतात. पण ‘मृग लागताच’ हे शब्द खोडून तिथं ‘मार्गशीर्ष महिन्यात’ असे शब्द आले. मामांनी ती गादी अडतीच्या मुनीमाला दिली.

पुढं मी मास्तरांना शिकवणारा मास्तर झालो. नव्या शिक्षकांना मी खगोलाच्या पहिल्या तासाला दोनच गोष्टी सांगतो. आज संध्याकाळी जे डोळ्यांना दिसणार आहे, तेच आज शिकवा, पुस्तकातलं उद्या. आणि वर्गात शब्द वापरण्याआधी तो मुलाच्या घरी कोणत्या कामाला जुंपला आहे, ते विचारून घ्या. नाहीतर टोपीत किडा शिरतो.

पण त्या दिवशीचा शेवटचा शब्द माझा नव्हता, साहेबांचाही नव्हता. हसणं संपल्यावर साहेब पुन्हा विचारात पडले होते आणि पाटावरच उभे होते. शेवंता फेरी पुरी करून परत जूनच्या जागी आली होती. त्यांच्या पाठीमागं मृगाचं पोरगं पाटी उचलून, हात भरून आले तरी तसंच ताटकळलेलं. रिंगण खोळंबलं होतं. पाटील कट्ट्यावरून हे सगळं मघापासून एकटक पाहत होते. त्यांनी एकदा मृगाकडे पाहिलं, एकदा कोरड्या आभाळाकडे पाहिलं, आणि त्यांना राहवलं नाही. पलटणीतल्या आवाजात ते ओरडले:

“आवं सायब, मग व्हा की जरा बाजूला! तुमच्यापायी मिरग तिकडं अडलाय, आन् आमची पेरनी हिकडं!”